अकाउंटंट आणि सोशल मीडिया: सुरुवात कुठून करायची, काय लिहायचं आणि कुठे थांबायचं

सोशल मीडियावर अकाउंटंट लोक साधारण दोन टोकांना दिसतात. एका टोकाला प्रोफाइल उघडलं, डिग्री टाकली, पासपोर्ट साइज फोटो चिकटवला आणि मग वर्षभर तयार शुभेच्छांची चित्रं फॉरवर्ड केली असा प्रकार, आणि दुसऱ्या टोकाला रोज सकाळी "टॅक्स वाचवायची सात सिक्रेट्स" टाइपचे व्हिडिओ, ज्यातली तीन सिक्रेट्स सगळ्यांना आधीच माहीत असतात आणि उरलेल्या चारांचं खरं-खोटं कोणीच तपासलेलं नसतं. पहिल्या प्रकाराने काम येत नाही, दुसऱ्याने येतं पण डोक्याला ताप देणारं येतं.

हे लिहितोय ते नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी, फर्ममध्ये किंवा कंपनीत नोकरी करणाऱ्यांसाठी, आणि अजून परीक्षा देत असाल तर तुमच्यासाठीही. खाली पायऱ्या क्रमाने दिल्यात, पण सगळ्याच्या खाली एकच नियम आहे तो आधीच सांगून टाकतो: जे सगळ्यांना लागू आहे ते उघडपणे आणि भरभरून सांगायचं, जे एकाच माणसाला लागू आहे ते उघड्यावर बोलायचंच नाही. हा नियम नीट डोक्यात बसला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पायरी १: आधी नियम वाचा, मग अकाउंट उघडा

हो, कंटाळवाणं आहे, पण आपला धंदाच कंटाळवाण्या गोष्टी वाचायचा आहे. तुम्ही ज्या व्यावसायिक संस्थेचे सदस्य आहात तिची आचारसंहिता काढा आणि त्यातला जाहिरात, प्रसिद्धी आणि क्लायंट मिळवण्याबद्दलचा भाग शांतपणे वाचा. कारण हे देशागणिक बदलतं. अमेरिकेतल्या एआयसीपीएने (तिथल्या सीपीए अकाउंटंटांची संस्था) जाहिरातीवरची बंदी १९७८ मध्ये उठवली, तर भारतात १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यात जाहिरात करणं आणि क्लायंट मागत फिरणं याला व्यावसायिक गैरवर्तन धरलंय आणि वेबसाइट, लेख, प्रोफाइल याबाबत इथल्या सीए संस्थेच्या वेगळ्या सूचना आहेत ज्या वेळोवेळी बदलतात. म्हणजे दुसऱ्या देशातल्या एखाद्या अकाउंटंटचं झकास पेज बघून तसंच्या तसं उचललं तर तुमच्याकडे ते थेट नियमभंग ठरू शकतं.

बहुतेक देशांतल्या संस्था आयईएसबीएच्या (अकाउंटंटांसाठी नीतिनियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ) आचारसंहितेवर आपले नियम बेततात. तिच्यात पाच मूलतत्त्वं आहेत: सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता आणि योग्य ती काळजी, गोपनीयता, आणि व्यावसायिक वर्तन. प्रसिद्धीबद्दल तिचं म्हणणं साधं आहे, स्वतःच्या सेवांबद्दल, पात्रतेबद्दल किंवा अनुभवाबद्दल फुगवून सांगायचं नाही आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत किंवा पुरावा नसताना तुलना करायची नाही. आता हे वाचून "शहरातले नंबर वन टॅक्स एक्सपर्ट" असं बायोमध्ये लिहायचा विचार असेल तर सोडून द्या.

नोकरीत असाल तर कंपनीचं सोशल मीडिया धोरणही मागून घ्या. एचआरला मेल टाका, लेखी उत्तर जपून ठेवा.

पायरी २: कोणाशी बोलायचंय ते ठरवा आणि एकच प्लॅटफॉर्म पकडा

नवीन माणूस उत्साहात एकाच दिवशी पाच ठिकाणी खाती उघडतो आणि महिन्याभरात पाचही ओस पडतात. तसं करू नका. तुम्हाला वाचणारा माणूस कोण आहे ते आधी ठरवा. कंपन्यांचे फायनान्स हेड, रिक्रूटर, दुसरे अकाउंटंट यांच्यापर्यंत पोचायचं असेल तर लिंक्डइन. छोटे धंदेवाले, फ्रीलान्सर, दुकानदार यांना गाठायचं असेल तर ते लोक फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर जास्त सापडतात. समजावून सांगायची हातोटी असेल आणि कॅमेऱ्यासमोर जीभ अडखळत नसेल तर यूट्यूब, कारण तिथे माणूस प्रश्न टाइप करून येतो आणि चांगला व्हिडिओ वर्षानुवर्षं बघितला जातो. एक्सवर (आधीचं ट्विटर) नियम बदलल्याची बातमी सगळ्यात आधी कळते पण साध्या खात्याला २८० अक्षरांत टॅक्स समजावणं म्हणजे अपुऱ्या माहितीला आमंत्रण, त्यामुळे तिथे माझ्या मते वाचायला जावं, शिकवायला नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो कारण ही चूक फार कॉमन आहे. सगळ्या क्लायंटना एका ग्रुपमध्ये टाकून अपडेट पाठवणं सोपं वाटतं, पण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे तुम्ही तुमची क्लायंट लिस्ट स्वतःच्या हाताने वाटलीत. एकाच धंद्यातले दोन स्पर्धक त्या ग्रुपमध्ये समोरासमोर आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिची मर्यादा २५६ जणांची आहे आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, किंवा २०२३ मध्ये आलेलं चॅनल वापरा जिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

पायरी ३: प्रोफाइल

लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात आणि बहुतेक लोक त्यात फक्त पदवी आणि फर्मचं नाव लिहून मोकळे होतात. पदवी लिहा, ती हवीच, पण कोणासाठी काय करता तेही लिहा. "निर्यात करणाऱ्या छोट्या कंपन्यांचे हिशेब आणि कर" एवढं वाचून समोरच्याला कळतं की हा माणूस माझ्या कामाचा आहे का. खालच्या अबाउट भागात २६०० अक्षरं आहेत, ती सगळी भरायची सक्ती नाही. कुठलं काम करता, कुठलं करत नाही, आणि संपर्क कसा करायचा, बास. कुठलं करत नाही हे लिहायला लोक घाबरतात पण त्यानेच नको ती विचारणा कमी होते.

परीक्षेचा निकाल यायचाय तर निकाल यायचाय असंच लिहा, पदवी आधी लावू नका. आणि घरगुती फोटोंचं खातं वेगळं ठेवा.

एक सेटिंग आवर्जून बघा: लिंक्डइनवर तुमच्या कनेक्शनची यादी इतर कनेक्शनना दिसू द्यायची की नाही हे ठरवता येतं. तुमचे बरेचसे कनेक्शन क्लायंट असतील तर ती यादी लपवलेली बरी.

पायरी ४: लिहायचं काय

इथेच सगळे अडतात. "मला काय लिहावं सुचत नाही" असं म्हणणाऱ्या अकाउंटंटला दिवसातून चार फोन येत असतात आणि प्रत्येक फोनवर कोणीतरी एक प्रश्न विचारत असतो, तोच तुमचा विषय आहे. फोनमध्ये एक नोट उघडा आणि जो प्रश्न आला तो नाव-गाव न लिहिता, विचारणाऱ्याच्याच शब्दात टाकत जा. "नफा दिसतोय मग बँकेत पैसे का नाहीत", "मी दुकानातून घरी पैसे नेले ते खर्चात का नाही धरत", "कर्जाचा हप्ता भरतोय तो पूर्ण खर्च ना", "ॲडव्हान्स आला, म्हणजे विक्री झाली ना", "गाडी घेतली, तिची पूर्ण किंमत याच वर्षी का नाही टाकता येत". तुम्हाला हे प्रश्न पोरकट वाटतील. वाटू देत. धंदा करणाऱ्या माणसाला रात्री जागवतात ते हेच प्रश्न, आणि बहुतेकांना ते विचारायची लाज वाटते म्हणून ते शोधत बसतात.

लोक अकाउंटंटला फॉलो करतात ते त्याला किती कलमं पाठ आहेत म्हणून नाही, त्यांना आपल्या अडचणीचं नाव कळलं म्हणून. त्यामुळे पोस्टची सुरुवात कलमाने करू नका, अडचणीने करा. उदाहरणार्थ पहिल्या प्रश्नावर पोस्ट अशी होऊ शकते:

"नफा दिसतोय पण बँकेत पैसे नाहीत? समजा या महिन्यात १०० चा माल विकला, त्यातले ६० रोख आले, ४० उधारीवर. माल घ्यायला आणि बाकी खर्चाला ७० गेले, सगळे रोख. हिशेबात नफा ३०. बँकेत मात्र ६० आले आणि ७० गेले, म्हणजे १० कमीच. वर कर्जाच्या मुद्दलापोटी ५ भरले, ते नफातोटा पत्रकात कुठेच दिसत नाहीत पण खिशातून गेले. नफा ३०, बँकेत उणे १५, आणि हिशेब अगदी बरोबर आहे. आता तुमची उधारी किती दिवसांत वसूल होते ते काढून बघा."

यात कुठलाही कायदा नाही, दर नाही, कोणत्या देशात वाचतोय याने फरक पडत नाही, आणि वाचणारा शेवटी स्वतःची वही उघडतो. अशा पोस्ट शिळ्याही होत नाहीत. डबल एन्ट्रीची पद्धत १४९४ मध्ये व्हेनिसला छापून आली तेव्हापासून नावे आणि जमाचं गणित बदललेलं नाही, त्यामुळे मूळ कल्पना समजावणारी पोस्ट पाच वर्षांनी पण चालते. दर, मुदती, फॉर्म यांवरच्या पोस्ट मात्र दुधासारख्या, तारीख टाकल्याशिवाय ठेवायच्या नाहीत. "ही माहिती अमुक तारखेपर्यंतच्या नियमांनुसार" ही ओळ वर टाका, तळाशी नाही, कारण स्क्रीनशॉट वरच्या भागाचा काढला जातो. आणि नियम बदलला की जुनी पोस्ट काढा किंवा तिच्यावरच दुरुस्ती लिहा.

नियम बदलल्याची बातमी देताना सगळ्यांच्या आधी टाकायची घाई नको. मूळ परिपत्रक उघडून वाचा, फॉरवर्ड आलेला सारांश वाचून पोस्ट टाकू नका, हे एआयने लिहून दिलेल्या मजकुरालाही लागू आहे, तो आत्मविश्वासाने चुकीचं कलम लिहून देऊ शकतो आणि खाली नाव मात्र तुमचं असतं. दोन दिवस उशिरा आलेली पण "यात तुम्हाला नेमकं काय करायचंय" हे सांगणारी पोस्ट जास्त कामाची असते.

पायरी ५: वेळ कधी काढायचा

रिटर्नच्या सीझनमध्ये जेवायला वेळ नसतो तिथे पोस्ट कोण लिहिणार. पण लोक नेमके तेव्हाच प्रश्न शोधत असतात, म्हणजे तुम्ही सगळ्यात बिझी असता तेव्हाच तुम्हाला वाचायला लोक आलेले असतात. उपाय एकच, मोकळ्या महिन्यांत लिहून ठेवायचं आणि शेड्यूल करून टाकायचं. आठवड्याला एक पोस्ट पुरे. मुदतीवरच्या पोस्ट मात्र शेड्यूलवर सोडून विसरू नका, मुदतवाढ झाली तर तुमची पोस्ट आपली जुनीच तारीख ओरडत बसेल.

पायरी ६: कमेंट आणि मेसेज

तुमची पोस्ट चालली की खाली कोणीतरी विचारणार, "सर माझं उत्पन्न एवढं, घरभाडं एवढं, मागच्या वर्षी अमुक विकलं, किती टॅक्स लागेल?" हात शिवशिवतो, उत्तर येत असतं, द्यावंसं वाटतं. देऊ नका. एक तर माहिती अर्धवट असते, दुसरं म्हणजे तुमचं उत्तर वाचून वेगळ्या परिस्थितीतले वीस जण तेच स्वतःला लावतात, आणि तिसरं, त्या माणसाने स्वतःचे आकडे चारचौघांत टाकलेत हे त्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

मग उत्तर काय द्यायचं? गप्प बसणंही बरं नाही. असं काहीतरी: "प्रश्न चांगला आहे. हे ठरतं तीन गोष्टींवर, ती मालमत्ता किती काळ तुमच्याकडे होती, खरेदीचा पुरावा आहे का आणि बाकी उत्पन्न कुठल्या प्रकारचं आहे. या तीन गोष्टी घेऊन तुमच्या अकाउंटंटकडे जा. आणि कमेंटमधले आकडे काढून टाका, ते इथे नकोत." बघा, त्याला काय विचारायचं ते कळलं, बाकीच्यांनाही कळलं, आणि तुम्ही कोणाचाही टॅक्स काढला नाही. "माझ्याकडे या" असंही म्हटलं नाही, जे काही ठिकाणी नियमात बसत नाही आणि जिथे बसतं तिथेही जरा हलकं वाटतं.

इनबॉक्समध्ये कोणी कागदपत्रं पाठवायला लागला तर तिथेच थांबवा. ओळखपत्रं, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा हे सोशल मीडियाच्या मेसेजमध्ये घ्यायचं नाही. काम घ्यायचंच असेल तर नेहमीची पद्धत, आधी ओळख पटवा, कामाचं पत्र करा, मग तुमच्या ठरलेल्या सुरक्षित मार्गाने कागद घ्या. इनबॉक्समध्ये दिलेला "फुकटचा छोटासा सल्ला" उद्या सल्लाच धरला जातो, फुकट होता हे कोणी बघत नाही.

दुसऱ्या अकाउंटंटने चुकीचं लिहिलेलं दिसलं तर? जाहीर वाभाडे काढू नका, त्याला मेसेज करा. तुमचंच चुकलं तर गुपचूप डिलीट न करता दुरुस्ती टाका, कारण जुनं वाचून गेलेला माणूस अजून चुकीचंच धरून बसलाय.

पायरी ७: गोपनीयता, जी नाव लपवून पूर्ण होत नाही

"मी नाव कुठे लिहिलं?" हा बचाव फार ऐकलाय. "माझ्या एका क्लायंटचं, तीन शाखांचं हॉटेल आहे, पार्टनरशी भांडण झालंय, त्याचं टॅक्सचं प्रकरण मिटवलं" एवढं लिहिलं की त्या गावातल्या कोणालाही नाव कळतं, आणि मुख्य म्हणजे त्या क्लायंटला स्वतःला कळतं. म्हणून उदाहरण द्यायचं तर पूर्ण काल्पनिक बनवा, धंदा बदला, आकडे बदला, क्रम बदला, किंवा क्लायंटची लेखी परवानगी घ्या. आयईएसबीएच्या संहितेप्रमाणे काम संपल्यावर, संबंध संपल्यावरही गोपनीयता संपत नाही, त्यामुळे "ते आता माझे क्लायंट नाहीत" हेही चालत नाही.

बऱ्याचदा गळती शब्दांतून होत नाही, चित्रातून होते. ऑफिसमधला सेल्फी, मागे कपाटातल्या फायलींवर ठळक नावं. एक्सेल शिकवणारा स्क्रीन रेकॉर्डिंग व्हिडिओ, सुरुवातीला दोन सेकंद अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी दिसते आणि त्यात सगळ्या क्लायंटची नावं. रेकॉर्डिंग चालू असताना कोपऱ्यात मेलचं नोटिफिकेशन. ब्राउझरचे टॅब. पीडीएफवर काळा चौकोन टाकून आकडे झाकले असं वाटतं पण खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच कॉपी करता येतो. त्यामुळे शिकवायला खरी फाइल झाकून-पाकून वापरायचीच नाही, डमी कंपनीची डमी फाइल एकदाच नीट बनवा आणि रेकॉर्डिंगसाठी कॉम्प्युटरवर वेगळं युजर अकाउंट ठेवा ज्यात क्लायंटचं काहीच नाही.

लोकेशनही सांभाळा. ऑडिटला गेलात आणि कारखान्याच्या गेटवर चेक-इन केलंत तर ठीक वाटेल, पण एखाद्या कंपनीच्या खरेदी-विक्रीची बोलणी चालू असताना तिच्या ऑफिसातून टाकलेला फोटो ज्याला कळायचं त्याला सगळं सांगतो.

ऑडिट करणाऱ्यांसाठी अजून एक पेच आहे जो नवीन मुलांच्या लक्षात येत नाही. ज्या कंपनीचं ऑडिट करताय तिच्या नवीन प्रॉडक्टची पोस्ट "भन्नाट, घ्याच!" म्हणून शेअर केलीत तर तुम्ही तिची वकिली केलीत, आणि वकिली हा स्वतंत्रतेला असलेल्या पाच धोक्यांपैकी एक म्हणून संहितेत नोंदलेला आहे. लाइक करण्याआधीही ती कंपनी आपल्या फर्मच्या ऑडिट यादीत आहे का हे आठवा.

नोकरीवाल्यांसाठी दोन खरी उदाहरणं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सेस्काज या कपड्यांच्या कंपनीच्या सीएफओने (मुख्य वित्त अधिकारी) बोर्ड मीटिंग झाली, आकडे चांगले, बोर्ड खूश अशा अर्थाचं छोटंसं ट्विट टाकलं, कंपनी शेअर बाजारात लिस्टेड, निकाल जाहीर व्हायचे होते, आणि त्याची नोकरी गेली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या सीईओने फेसबुकवर लिहिलं की महिन्यात १ अब्ज तासांपेक्षा जास्त बघितलं गेलं, त्यावर एसईसीने (अमेरिकेतली शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) चौकशी केली. कारवाई झाली नाही, पण २०१३ मध्ये एसईसीने स्पष्ट केलं की कुठल्या चॅनलवर माहिती येणार हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं असेल तर कंपनी सोशल मीडिया वापरू शकते. म्हणजे "आज क्लोजिंग झालं, काय जबरदस्त क्वार्टर!" ही उत्साहाची स्टोरी लिस्टेड कंपनीतल्या ज्युनिअरने टाकली तरी विषय गंभीर आहे. रात्री उशिरापर्यंत बसलो, पिझ्झा खाल्ला, एवढंच लिहा.

पायरी ८: खात्याची सुरक्षा

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) आजच चालू करा. तुमचं खातं हॅक झालं तर तुमच्या नावाने क्लायंटना मेसेज जाईल, "आपला बँक अकाउंट बदललाय, फी इथे टाका", आणि ते टाकतील, कारण तुमच्यावर विश्वास आहे. म्हणून क्लायंटना आधीच सांगून ठेवा की बँक तपशील सोशल मीडियावरून कधीही बदलणार नाही, तसा मेसेज आला तर फोन करून विचारा. महिन्यातून एकदा स्वतःचं नाव सर्च करून डुप्लिकेट खातं उघडलंय का बघा आणि सापडलं तर लगेच रिपोर्ट करा.

पेज असिस्टंट सांभाळत असेल तर पासवर्ड देऊ नका, ॲडमिनचा वेगळा ॲक्सेस द्या आणि तो सोडून गेला त्याच दिवशी काढून घ्या.

पायरी ९: चाललंय का ते कसं मोजायचं

लाइक बघू नका. अकाउंटंटच्या पोस्टला सगळ्यात जास्त लाइक दुसरे अकाउंटंट करतात, आणि ते तुमचे क्लायंट होणार नाहीत. नवीन माणूस आला की पहिल्याच भेटीत विचारा, कुठून कळलं, आणि उत्तर एका शीटमध्ये लिहीत जा. पोस्ट सेव्ह किती झाली, कोणी दुसऱ्याला पाठवली का, जुन्या क्लायंटने "तुमचं ते उधारीवरचं वाचलं, आमचं पण बघा ना" असं म्हटलं का, हे बघा. सुरुवातीच्या काही महिन्यांत बहुतेक फायदा जुन्याच क्लायंटकडून दिसतो, त्यांना तुम्ही अजून काय काम करता तेच माहीत नसतं.

सहा महिन्यांनी शीट उघडा. सोशल मीडियावरून आलेल्यांची ओळ पूर्ण रिकामी असेल तर प्लॅटफॉर्म बदलायच्या आधी प्रश्नांची नोट तपासा, बहुतेक वेळा असं दिसतं की पोस्ट क्लायंटच्या प्रश्नांवर नसून परीक्षेच्या सिलॅबसवर लिहिल्या गेल्यात. तसं असेल तर पुढच्या आठवड्यात फोनवर जो पहिला प्रश्न येईल त्यावरच पोस्ट टाका.